गार्डसाहेबांची रविवारची गाडी

पौषातली पहाट, बोचरा वारा आणि सायकली, एवढं वाचलं की तुम्ही शाल सावरून बसणार हे मला ठाऊक आहे. आता डोंगरामागून सूर्य येईल, माथेरान सोनेरी होईल आणि लेखकाला आयुष्याबद्दल काहीतरी उमगेल, असं तुम्हाला वाटणार. तसं काही झालं नाही. सूर्य आला तेव्हा मी एका काटेरी कुंपणात पालथा पडलो होतो आणि माझं नाक गळत होतं. दुसरा एक रिवाज असा की म्हाताऱ्या माणसाविषयी लिहायला घेतलं म्हणजे शेवटी तो माणूस वारतो आणि लेखक धोतराच्या सोग्यानं डोळे पुसतो. आमचे गार्डसाहेब वारलेले नाहीत. मी हे लिहितोय त्या घटकेला ते बहुधा कर्जतच्या फलाटावर उभं राहून स्टेशनाचं घड्याळ कसं चुकीचं आहे हे त्या घड्याळालाच समजावत असतील.

गार्डसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव होतं, पण ते पोस्टमनलासुद्धा जरा थांबून आठवावं लागायचं. सगळा गाव त्यांना गार्डसाहेब म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला गार्डीणकाकू. उभं आयुष्य त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात उभ्यानं काढलं. कर्जतला गाडी थांबायची, तिला मागून ढकलायला बँकर इंजिन लागायचं, मग ती धापा टाकत घाट चढायची, आणि डब्यांच्या शेवटी झेंडा घेऊन हे. इतकी वर्षं हे केलं की स्थिर जमिनीवर त्यांचे पाय टिकेनासे झाले. तुमच्याशी बोलत उभे असले तरी किंचित डुलत असायचे. आधी मला वाटायचं, घेतात. मग कळलं, घेतबित नाहीत. त्यांच्या पायाखालचा डबा अजून चालूच आहे.

बसणं हा प्रकार त्यांना येतच नव्हता. लग्नाच्या पंगतीत बसवलं की ताट येईपर्यंत तीनदा उठायचे. कीर्तनाला गेले तर सगळ्यात मागं, दाराशी उभे. पुढं या म्हटलं की म्हणायचे, "गार्ड मागंच असतो." प्रेतयात्रेतही ते शेवटी चालायचे, हातात कंदील, आणि मसणवटीत पोचल्यावर माणसं मोजून घ्यायचे. कुणाचा मुहूर्त चुकला तर भटजींच्या कानाशी जाऊन "लेट" एवढंच म्हणायचे, आणि भटजी मंगलाष्टकं अशी सोडायचे की नवरीला माळ वर करायला फुरसत मिळू नये. त्यांचं एक वाक्य होतं, ते मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही त्यांच्या आवाजात म्हणू शकतो: "गाडी सुटते इंजिनाच्या जिवावर, पोचते गार्डाच्या. शेवटचा डबा आला तरच गाडी आली म्हणायचं."

त्यांच्या आवाजात म्हणू शकतो, म्हणजे खरंच म्हणू शकतो. मला देवानं अक्कल बेताची दिली, पण घसा भलताच दिला. हेडमास्तर, मामलेदार, घाटात दम लागलेलं इंजिन, सगळं माझ्या घशात होतं. गार्डसाहेबांची नक्कल मी न्हाव्याच्या दुकानात करायचो. एकदा ऐन रंगात आलो होतो, तोंडात बोट घालून शिट्टी मारली, पंचा झेंड्यासारखा हलवला, डुललो, सगळे हसले आणि एकदम गप्प झाले. मागं गार्डसाहेब उभे. मी म्हटलं, आता कान गेला. ते जवळ आले, पंचा माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "आधी शिट्टी, मग झेंडा. तू दोन्ही एकदम करतोस. एकदम केलं तर ड्रायव्हर बघणार काय आणि ऐकणार काय?" मग त्यांनी मला ते पुन्हा करायला लावलं. नीट जमेपर्यंत. न्हावी तिकडं अर्धी दाढी करून थांबलेला.

त्यांना गाडीवरून उतरवलं ते डोळ्यांमुळं. रेल्वेच्या डॉक्टरनं टेबलावर रंगीत लोकरीच्या गुंड्या टाकल्या आणि यातल्या हिरव्या काढा म्हणाला. गार्डसाहेबांनी भराभर काढल्या. त्यात एक तपकिरी निघाली. झालं. नोकरीची राहिलेली वर्षं त्यांना पार्सल हापिसात बसवलं, म्हणजे ज्याला बसता येत नाही त्याला बसवलं. प्रत्येक गाडी सुटताना ते पार्सलं टाकून फलाटावर यायचे आणि रिकामा हात वर करायचे. नवे गार्ड हसायचे. पण मी पाहिलंय, हसूनसुद्धा ते त्यांच्या हाताकडं एकदा बघून मगच शिट्टी मारायचे.

पुढं तेही सुटलं आणि राहिली ती सायकल. काळी, उंच, जड, आणि तिच्या मागं लाल काचेचा दिवा. म्हाताऱ्याला त्या सायकलीवर बसलेलं बघून मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस बसू शकतो, फक्त बुडाखालचं काहीतरी पुढं जात असलं पाहिजे.

पण डोळे उतरतच होते. घड्याळ बघताना ते आता नाकाला लावायचे. एकदा दहिवलीच्या रस्त्यावर ते बसलेल्या म्हशीवर चढले. म्हशीला काही झालं नाही, यांचं मनगट सुजलं. दुसऱ्यांदा गटारात गेले. त्या दिवशी गार्डीणकाकूंचा भाऊ खालापूरहून आलेला होता. त्याचा दुधाचा धंदा, चरव्या घेऊन पायी वणवण करायचा, त्या सायकलीवर त्याचा केव्हापासून डोळा. काकूंनी त्याच्यादेखत देवापुढच्या दिव्यावर हात धरला आणि बोलल्या, यापुढं हे एकदा जरी पडले तर सायकल तुझी, घेऊन जा. काकू बोलल्या की बोलल्या, हे गार्डसाहेबांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. भाऊ तेव्हापासून दर आठवड्याला दाजींची तब्येत विचारायला यायचा. ओटीवर पाय ठेवतानाच, "काय दाजी, पडलाबिडला नाय ना?" एवढी माया मी जन्मात पाहिली नाही. पिशवीत सायकलीचा पंप घेऊन यायचा.

आणि तरी रविवारची गाडी चालूच होती.

रविवारची गाडी म्हणजे आम्ही चार सायकली. थंडीच्या दिवसांत खालापूरच्या अलीकडं शिंदीच्या झाडांखाली ताजी नीरा मिळायची. ऊन लागलं की ती आंबते, म्हणून सूर्य वर यायच्या आत पोचायचं. एवढंच निमित्त. पण गार्डसाहेबांनी त्याची रेल्वे करून टाकली होती. पुढं ड्रॉइंगमास्तर, कारण कार्बाइडचा झकास दिवा फक्त त्यांच्या सायकलीला होता. म्हणून ते इंजिन. त्यांच्यामागं मी, तिसऱ्या वर्गाचा डबा. माझ्यामागं दामू शिंपी. दिवसभर मशीन मारून मारून दामूच्या मांड्या खांबासारख्या झालेल्या, म्हणून तो बँकर. चढ आला की त्यानं एक हात माझ्या पाठीला लावून ढकलायचं. खरं तर बँकर गार्डाच्याही मागं लागतो. पण दामूला मागं घेतला तर गार्ड शेवटचा राहत नाही, म्हणून इथं त्यांनी स्वतःला एक सवलत दिली होती. शेवटी गार्डसाहेब, गळ्यात शिट्टी, काखेत झेंडे. आम्हा तिघांच्या सायकलींना त्यांनी मागं बैलांच्या गळ्यातल्या घंट्या बांधायला लावल्या होत्या. का, तर गाडी मध्येच तुटली तर गार्डाला कळलं पाहिजे. ड्रॉइंगमास्तरांना ती घंटी भारी अपमानाची वाटायची. शाळेतली पोरं त्यांना बघून बैल हाकल्यासारखं हॅक-हॅक करायची.

आणि एक गोळा होता. हे जरा समजावून सांगतो. खोपोलीकडं जाणारी रेल्वे एकेरी. एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरला स्टेशनात एक लोखंडी गोळा देतात. गोळा हातात असेल तरच त्या रुळावर जायचं, नसेल तर देव जरी आला तरी थांबायचं. आमच्या वाटेवर पळसदरीच्या पुढं एका ओढ्यावर जुने स्लीपर टाकून केलेला साकव होता. बाजूला कठडा नाही, रुंदी सायकलपुरती. गार्डसाहेबांनी तो साकव एकेरी मार्ग जाहीर केला आणि वाळलेल्या बेलफळाला वेताची कडी बांधून त्याचा गोळा केला. एकानं गोळा गळ्यात अडकवून साकव ओलांडायचा, पलीकडून गोळा परत फेकायचा, मग दुसऱ्यानं झेलून निघायचं. सगळ्यात शेवटी गार्डसाहेब. त्यांच्यासाठी आणखी एक नियम, पलीकडच्या टोकाला मधोमध एकानं दिवा धरून उभं राहायचं, लाइन क्लिअर म्हणून. आणि समजा गोळा हरवला तर? हेही त्यांनी आम्हाला पढवलं होतं. तर एक माणूस नेमतात, त्याला पायलट म्हणतात. तो माणूस म्हणजेच गोळा. तो इंजिनावर चढला तरच गाडी हलते, आणि तो चढला की गाडी त्याच्या ताब्यात.

आम्ही हे सगळं ऐकून घ्यायचो. मागून नकला करायचो. पण पाळायचो.

त्या रविवारी घरातून बाहेर पडलो तेव्हाच वारा सुटलेला होता. असा की तारायंत्राचे खांब गुणगुणत होते आणि स्टेशनामागच्या पिंपळाची पानं पाऊस पडल्यासारखी वाजत होती. घाटावरनं थंडी नुसती ओतत होती. ड्रॉइंगमास्तर मफलरमध्ये इतके गुंडाळलेले की दिसत होता फक्त चष्मा. ते म्हणाले, आज राहू दे. दामू म्हणाला, राहू दे. मी तर घरूनच राहू दे म्हणत आलो होतो. तेवढ्यात गार्डसाहेब अंधारातून आले, सायकल हातात, पाय जमिनीवर ठरत नाहीत, घड्याळ नाकाला लावलेलं. म्हणाले, राइट टायमाला जेमतेम वेळ उरलाय, चला. आणि शिट्टी मारली. मग झेंडा. एवढ्या अंधारात झेंडा कुणाला दिसणार होता देव जाणे, पण हलवला.

निघालो. वारा समोरून होता तोपर्यंत बरं होतं, निदान कुठून येतो ते कळत होतं. वळणं लागली तसा तो कधी कानात, कधी कुशीत घुसायला लागला. डोळ्यांतून पाणी येऊन गालावर थंडगार व्हायचं. मागून गार्डसाहेबांची शिट्टी मधूनमधून, आम्ही घंट्या वाजवून उत्तर द्यायचं. त्या दिवशी ती शिट्टी फारच वेळा वाजत होती. दामू करवादला, म्हाताऱ्याला आज झालंय काय. चढावर तर मास्तरांनी मागं वळून सरळ सांगितलं, "याला दिसत नाही रे आता. एक दिवस हा कुठंतरी जाऊन पडणार आणि काकू आपल्याला धरणार." मी म्हटलं, दिसतं त्यांना. मास्तर म्हणाले, "काय दिसतं?" मी मास्तरांचाच आवाज काढून "काय दिसतं?" म्हटलं. दामू हसला.

साकवाशी आलो. खाली पाणी खळखळत होतं, दिसत नव्हतं. मास्तर गोळा घेऊन पहिले गेले. पलीकडं पोचल्यावर त्यांनी गोळा फेकला, मी झेलला, गेलो. मी फेकला, दामूनं झेलला, तोही आला. वाऱ्यानं सायकल सारखी डावीकडं ढकलली जात होती, साकवाच्या मधोमध तर मला वाटलं आपण आता नीरेऐवजी ओढ्याचंच पाणी पिणार. मग दामूनं गोळा गार्डसाहेबांकडं फेकला आणि वाऱ्यानं तो हवेतच उचलला. एकदा खडकावर टक् झालं, मग पाण्यात बुडुक. बेलफळ तरंगत असतं, पण कुठं तरंगलं ते बघायला उजेड कुठं होता.

तेवढ्यात कार्बाइडचा दिवाही गेला. लाइन क्लिअरचा कंदील मी टोकाला धरला होता, तोही विझला. दामूनं काड्या ओढायला सुरुवात केली. कोटाच्या आत तोंड घालून ओढली, मफलरच्या आडून ओढली, मास्तरांच्या पोटाच्या आडोशाला ओढली. पेटायची, आणि बाहेर काढली की फुस्. काड्याच संपल्या.

पलीकडून गार्डसाहेब हाक मारून विचारत होते, दिवा कुठं आहे. गोळ्याचं विचारतच नव्हते. दिवा कुठं, दिवा कुठं. आवाज नेहमीचा नव्हता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. एवढे दिवस आम्ही ज्याला लाइन क्लिअर म्हणत होतो, त्या दिव्यावर नजर लावून हा माणूस साकव ओलांडत होता. साकव त्यांना दिसतच नव्हता. दिसत होता फक्त दिवा. आणि रस्ताभर घंट्यांच्या मागोमाग येत होते.

मग ते ओरडले, "गाडी रद्द. गोळा नाही. तुम्ही तिघं पुढं जा, मी परत नेतो."

मास्तर हळूच म्हणाले, जाऊ दे, बरंच झालं. दामू माझ्याकडं बघायला लागला. एकट्यानं परत जायचं म्हणजे अंधार, वारा, पुढं घंट्या नाहीत. पळसदरीचा उतार यायच्या आत ते कुठंतरी पडणार, आणि सकाळी खालापूरला काकूंच्या भावाला निरोप, सायकल घेऊन जा. साकव पायी ओलांडा, हात धरतो, असं मी त्यांना ओरडून सांगितलं असतं तर ते त्या क्षणी सायकल वळवून निघून गेले असते. गार्डाचा हात धरायचा? आणि मला काही सुचलं नाही की माझा घसा पुढं होतो.

रेल्वेचा एक गोरा ट्रॅफिक इन्स्पेक्टर होता, नाकातून बोलायचा, गार्डसाहेब त्याच्या गोष्टी सांगायचे. मी दोन्ही हातांचा कर्णा केला आणि वाऱ्यावर सोडला, "गार्ड. टोकन लॉस्ट झाला. आटा पायलट वर्किंग. पायलट येटो. पायलट गाडीवर बसल्याशिवाय गाडी हलणार नाय. समजला?"

दामू पुटपुटला, मेलास. मग पलीकडून टाचा जुळल्याचा आवाज यावा तसा आवाज आला, "समजलं, साहेब. पायलट कोण?"

मी माझं नाव सांगितलं, इन्स्पेक्टरच्याच नाकातून. गार्डसाहेबांनी मला ओळखलं नव्हतं असं कुणी म्हणेल तर तो त्यांना ओळखत नाही. पण त्यांनी ते दाखवलं नाही. "पाठवून द्या," म्हणाले.

मी माझी सायकल टाकून पायी साकवावरून त्यांच्याकडं आलो, सरपटतच म्हणा. गार्डसाहेब अंधारात उभे, डुलत, हँडल घट्ट धरलेलं. मी म्हटलं, मी सायकल पुढून धरतो, तुम्ही मागून या. ते म्हणाले, "पायलट चालत नाही. पायलट इंजिनावर असतो." आणि दांडीवर थोपटलं. आता नियम मीच लावला होता. बसलो. म्हाताऱ्यानं एक टांग टाकली, सायकल हलली, आणि आम्ही कठडा नसलेल्या साकवावर, अंधारात, आडव्या वाऱ्यात.

"सिग्नल?" माझ्या कानाशी त्यांचा आवाज.

"हिरवा," मी म्हणालो. समोर स्लीपरांच्या कडा जेमतेम दिसत होत्या. "जरा उजवीकडं. हिरवा."

"नक्की हिरवा?"

"हिरवाच आहे, साहेब."

चाकाखाली स्लीपर वाजत होते, फटीवर ठक्, ठक्, ठक्. माझे दात त्याच तालात. मध्यावर वाऱ्यानं एक लाट अशी मारली की सायकल कडेला गेली, मी "डावा, डावा" ओरडलो, नव्हे, उजवा म्हणायचं होतं, पण त्यांनी माझा घसा न ऐकता माझं अंग कुठं झुकलं ते ऐकलं आणि सायकल सरळ केली. मी डोळे मिटून घेतले. म्हणजे त्या साकवावर थोडा वेळ दोघंही न बघता चाललो होतो. आणि हा माणूस हसत होता. म्हणाला, "रुळांचे सांधे वाजतायत बघ. किती दिवसांनी."

पार झालो. खाली माती लागली. दामूनं घंटी वाजवायला सुरुवात केली, मास्तरांनीही वाजवली, हे मी मुद्दाम नोंदवतो. आणि इथं गार्डसाहेबांनी जे केलं ते जगात दुसऱ्या कुणी केलं नसतं. गाडी सुखरूप आली की गार्डानं खूण द्यायची असते. त्यांनी हँडलवरचा एक हात काढून शिट्टी मारली. इथवर ठीक होतं. मग झेंडा काढायला दुसराही हात सोडला.

आधी शिट्टी, मग झेंडा, मग वारा. सायकल वालाच्या मळ्याच्या काटेरी कुंपणात गेली. मी दांडीवरून थेट पुढं पालथा, ते माझ्यावर, सायकल त्यांच्यावर. आणि याच मुहूर्तावर, सुरुवातीला सांगितलं तसा, सूर्य आला.

त्यांची हनुवटी आणि कोपर खरचटलं, माझी नडगी फुटली. पुढचं चाक पापडासारखं वाकलेलं. नीरा राहिलीच. परत येताना साकव सगळ्यांनी मुकाट्यानं पायी ओलांडला. दामूनं ती मोडकी सायकल खांद्यावर घेतली, पुढं मास्तर, आणि मी माझी नि दामूची सायकल ढकलत गार्डसाहेबांबरोबर मागं. त्यांचे हात मोकळे होते आणि ते हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. सारखे सायकलीकडं बघत होते. मी म्हटलं, काकूंना सांगू की खड्ड्यात सायकल गेली, तुम्ही नव्हताच तिच्यावर. ते म्हणाले, "रिपोर्ट खरा द्यायचा. एवढ्या नोकरीत खोटा दिला नाही. ती सायकल देणार, तिनं दिव्यावर हात ठेवलाय." मेव्हण्याला ती जरा उंच पडेल, सीट खाली घ्यावी लागेल, असंही मग म्हणाले.

दहिवलीचा पूल दिसायला लागला तेव्हा मी विचारलं, "साहेब, पायलट इंजिनावर चढला की गाडी कुणाच्या ताब्यात?"

ते चालता चालता थांबले. मला वाटलं, आता बोलतील, पण ते खरोखर विचार करत होते, नियम आठवत होते. "पायलटच्या," म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "पायलटच्या."

गार्डीणकाकू ओटीवरच होत्या. त्यांनी नवऱ्याची हनुवटी बघितली, कोपर बघितलं, दामूच्या खांद्यावरचं चाक बघितलं. दामूनं सायकल भिंतीला लावली आणि त्याला एकदम गिऱ्हाइकाची आठवण झाली. मास्तर तर कोपऱ्यावरूनच गेले होते.

"पडलात?" काकू म्हणाल्या.

गार्डसाहेब ताठ उभे राहिले. "गाडी पायलटच्या ताब्यात होती."

"कोन पायलट?"

"मी, काकू," मी म्हणालो. "मी चालवत होतो. ते नुसते बसले होते."

"कुटं? दांडीवर?"

सहा फुटी गार्डसाहेब दांडीवर, गुडघे कानाशी, असं चित्र माझ्या डोळ्यापुढं आलं. मी म्हटलं, हो, दांडीवर. काकूंनी माझ्या पायाकडं बघितलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, पाणी तापलंय, आत जा. ते आत गेले, म्हणजे दारामागं जाऊन उभे राहिले. पडद्याखाली त्यांचे पाय दिसत होते, एकदा टाचेवर, एकदा चवड्यावर.

काकूंनी मला पायरीवर बसवलं, धोतर वर सारलं आणि हळद दाबली. हळू आवाजात म्हणाल्या, "दांडीवर बसनाराची नडगी फुटती, रं. चालवनाराची नाय. मी काय आज बघते सायकल?" मग म्हणाल्या, "साकवावर त्यांना काय दिसलं?"

"मी सांगितलं तेवढं."

काकूंचा हात माझ्या नडगीवर तसाच राहिला. नंतर त्यांनी पदर खोचला, पडद्याकडं तोंड केलं आणि सुरुवात केली. माझ्या बापाचा उद्धार झाला, शाळेचा झाला, माझ्या नकलांचा झाला. म्हाताऱ्या मानसाला दांडीवर बसवून नेतोस, लाज हाय का नाय, चाक मोडलंस ते तूच नीट करून आनायचं, तवर सायकल ह्या भिंतीची हलायची नाय. आन् माझा भाऊ आला तर तूच त्याला तोंडानं सांगायचं, तुमच्या दाजींना मी पाडलं म्हनून. मी दिव्यावर हात धरला तो हे आपले आपन पडले तर. तुझ्यासारख्या माकडानं पाडलं, त्याचं मी काय बोलले नव्हते. मधेच मान वळवून हळूच, "झोंबतंय का?" मी मान हलवली. "मंग तोंड वाकडं कर की जरा. शिव्या खातोयस तू." आणि पुन्हा वरच्या पट्टीत.

पडदा हलला. गार्डसाहेबांना उभं राहवेना. डोकं बाहेर काढून म्हणाले, "अगं, पण झेंड्याचं मी..."

"तुमी आत ऱ्हा," काकू म्हणाल्या. "तुमाला कुनी इचारलं नाय." पडदा खाली पडला. मग त्या माझ्याकडं वळल्या. आवाज उतरला होता, पण बोट माझ्या नाकासमोर होतं. "आन् तू नीट ऐक. पुढल्या रविवारी साकवावर त्यांना एकट्याला सोडलंस, तर नकला करायला तोंड ठेवायची नाय मी."